एसजीपीटी वाढलंय म्हणे! लिव्हरचा रिपोर्ट वाचायचा कसा आणि पुढे करायचं काय

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी ठळक छापलेले आकडे शोधतो. लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे एलएफटीच्या कागदावर दहा-बारा ओळी असतात. त्यातल्या दोन-तीन ठळक दिसल्या की छातीत धस्स होतं. जळगाव जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये मी रक्त काढतो आणि रिपोर्ट देतो. "भाऊ, काय म्हणस रिपोट?" हा प्रश्न खिडकीशी रोजचा. निदान सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण कागद कसा वाचायचा, डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यायचं आणि कुठल्या लक्षणाला एक रात्रसुद्धा थांबायचं नाही, हे घरोघरी माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच होतो. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं लिव्हरच्या बाबतीत नसतं. पाण्यातून झालेल्या काविळीत एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं द्रव्य) १५०० झालेला तरुण पुढे बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. उलट एसजीपीटी ३५ असलेल्या माणसाचं लिव्हर आतून आक्रसून गेलेलं असू शकतं. म्हणून एकच ओळ पकडून बसायचं नाही. सगळ्या ओळी एकत्र वाचायच्या, आणि त्या माणसाचे मागचे पंधरा दिवस कसे गेले त्याच्याशी लावून बघायच्या.

पायरी १ : मागचे पंधरा दिवस आठवा

रिपोर्टवरचं नाव, वय, तारीख तपासा. घरातल्या दोघांचे रिपोर्ट एकाच पाकिटात आले की अदलाबदल होते. मग आकड्याच्या शेजारी छापलेली नॉर्मल मर्यादा बघा. ती प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते. एका ठिकाणी एसजीपीटीची वरची मर्यादा ४० छापलेली असेल, तर दुसरीकडे ५५. त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून "वाढलं" की "उतरलं" ठरवू नका. पुन्हा तपासायचं असेल तर शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासा.

आता एका कागदावर लिहून काढा : नुकताच ताप येऊन गेला का? डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया यांत लिव्हरचे आकडे वाढतातच. डेंग्यूत तर एसजीओटी हे तसंच दुसरं द्रव्य एसजीपीटीपेक्षा जास्त वाढलेलं दिसतं. कुठल्या गोळ्या, इंजेक्शनं, काढे, चूर्णं घेतली? दारू घेतली का, किती? अंगमेहनत एकदम वाढली होती का? केळीचे घड वाहून, कापसाच्या गाठी उचलून किंवा जिममध्ये पहिल्यांदाच भरपूर वजन उचलून स्नायू दुखावले, तरी एसजीओटी वाढतं आणि थोडं एसजीपीटीही, कारण ही द्रव्यं स्नायूंतसुद्धा असतात. अशा वेळी डॉक्टर सीपीके नावाची स्नायूंची तपासणी सांगतात आणि शंका फिटते.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. उष्माघात झालेल्या माणसाचे लिव्हरचे आकडे एक-दोन दिवसांत हजारांत जाऊ शकतात. उन्हात काम करून आलेला माणूस असंबद्ध बोलतोय, अंग तापलंय, तर तो फक्त "ऊन लागलं" म्हणून घरी ठेवायचा रुग्ण नव्हे.

पायरी २ : ओळींचे तीन गट करा

पहिला गट पेशींच्या इजेचा : एसजीपीटी (याचंच दुसरं नाव एएलटी) आणि एसजीओटी (एएसटी). ही द्रव्यं लिव्हरच्या पेशींच्या आत असतात. पेशी दुखावली की ती रक्तात येतात. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरमधलं, तर एसजीओटी स्नायूंत, हृदयात आणि तांबड्या पेशींतही असतं. म्हणून एसजीपीटीवर जास्त भरवसा. निरोगी माणसाचं एसजीपीटी खरं तर छापलेल्या मर्यादेपेक्षा बरंच कमी असतं. पुरुषांत साधारण ३३ आणि बायकांत २५ पर्यंत. पोट सुटलंय, शुगर आहे आणि एसजीपीटी ४५ आहे, तर "थोडंसंच आहे" म्हणून सोडून देऊ नका. धूर दिसला म्हणजे कुठंतरी जळतंय एवढं कळतं, घर किती उरलंय ते धुरावरून कळत नाही. हे दोन आकडे नेमके तसे आहेत.

दुसरा गट पित्ताच्या वाटेचा : अल्कलाइन फॉस्फटेज (एएलपी), जीजीटी आणि डायरेक्ट बिलिरुबिन. बिलिरुबिन म्हणजे तांबड्या पेशी मोडल्या की तयार होणारं पिवळं द्रव्य. लिव्हरनं हाताळलेलं ते डायरेक्ट, अजून न हाताळलेलं ते इनडायरेक्ट. पित्त लिव्हरमधून आतड्यात उतरतं. वाटेत खडा, गाठ किंवा सूज आली की हे तिन्ही चढतात. एकटं एएलपी वाढलं असेल तर ते हाडांमधूनही आलेलं असू शकतं. वाढीच्या वयातल्या मुलांत आणि गरोदर बाईत ते जास्त असणं स्वाभाविक आहे. सोबत जीजीटी नॉर्मल असेल तर लिव्हरकडे बोट दाखवण्याआधी हाडांचा विचार करतात.

तिसरा गट कामाचा, आणि माझ्या मते सगळ्यात कमी वाचला जाणारा : अल्ब्युमिन, आणि स्वतंत्र सांगावी लागणारी पीटी-आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती. लिव्हर किती काम करतंय हे इथं कळतं. अल्ब्युमिन हे प्रथिन लिव्हरच तयार करतं, साधारण ३.५ ते ५ असावं. ते रक्तात जवळजवळ वीस दिवस टिकतं, त्यामुळे ते कमी झालं असेल तर त्रास बऱ्याच दिवसांचा आहे, किंवा कुपोषण आहे, किंवा किडनीवाटे प्रथिन जातंय. रक्त गोठवणारी द्रव्यंही लिव्हरच बनवतं आणि त्यांतली काही तासांतच संपतात. म्हणून लिव्हर एकाएकी बंद पडायला लागलं की आयएनआर आधी बिघडतो. तो साधारण १ असतो. काविळीच्या रुग्णाचा आयएनआर १.५ किंवा वर गेला, तर एसजीपीटी उतरताना दिसत असलं तरी डॉक्टर सावध होतात. लिव्हरच्या पेशीच शिल्लक नसतील तरीही एसजीपीटी उतरतं, हे नातेवाइकांनी लक्षात ठेवावं.

बिलिरुबिन तिन्ही गटांत डोकावतं. एकूण बिलिरुबिन १.२ पर्यंत चालतं. डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते अडीच-तीनच्या पुढे जावं लागतं.

पायरी ३ : आता नमुना ओळखा

एसजीपीटी-एसजीओटी हजारांत, सोबत कावीळ, मळमळ, जेवणावरची वासना गेलेली : पाण्यातून येणारी हिपॅटायटिस (विषाणूंमुळे लिव्हरला येणारी सूज) ए किंवा ई, एखाद्या औषधाचा किंवा विषाचा परिणाम, किंवा उष्माघात-शॉक (रक्तदाब एकदम पडणं).

दोघंही मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट आणि माणूस चालता-फिरता : फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठणं), दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, एखादं औषध. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात सापडणारे बहुतेक बिघडलेले रिपोर्ट याच खान्यातले. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आणि जीजीटीही चढलेलं, तर डॉक्टर दारूबद्दल विचारणारच. तेव्हा बायको समोर आहे म्हणून खोटं सांगू नका. तपासण्या वाढतात, पैसे जातात आणि कारण तसंच राहतं.

एएलपी, जीजीटी, डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं, लघवी कडक चहासारखी, शौचाचा रंग फिका, अंगाला खाज : वाट अडली आहे. आधी सोनोग्राफी. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत.

फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं, बाकी सगळं स्वच्छ : इथं दोन अगदी वेगळ्या शक्यता आहेत. पहिली, गिल्बर्ट सिंड्रोम. काहींच्या शरीरात बिलिरुबिन हाताळणारं द्रव्य जन्मतः थोडं कमी असतं. नवरात्राचे कडक उपास केले, ताप आला, झोप झाली नाही की बिलिरुबिन दोन-अडीचवर जातं आणि आपोआप उतरतं. याला औषध लागत नाही, पथ्यही नाही. दुसरी शक्यता तांबड्या पेशी फुटण्याची, आणि खान्देशात ती विसरून चालणार नाही. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजांत, सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून फुटण्याचा आनुवंशिक आजार) बराच आढळतो. धडगाव-अक्कलकुव्याकडचं एखादं पोर वारंवार पिवळं पडतंय, सांधे दुखतात, हिमोग्लोबिन कमी आहे, आणि घरचे वर्षानुवर्षं "कावीळ" उतरवून आणतायत. तेव्हा लिव्हरचा दोषच नसतो. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. २०२३ च्या जुलैपासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे. अशा रुग्णांना तरुण वयातच पित्ताचे खडे होतात, तेही लक्षात असू द्या.

शेवटचा नमुना फसवा : एसजीपीटी नॉर्मल किंवा किंचित वर, पण अल्ब्युमिन कमी आणि प्लेटलेट दीड लाखाच्या खाली. लिव्हर कडक होत गेलं की प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट अडवून धरते. डेंग्यू नसताना प्लेटलेट सतत कमी येत असतील, तर लिव्हरच्या बाजूनेही तपास व्हायला हवा.

पायरी ४ : इथं वाट बघू नका

कावीळ असलेला माणूस दिवसा झोपाळू आणि रात्री जागा राहायला लागला, बोलताना गोंधळला, ओळखीच्या माणसाला ओळखेना. रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखं काळं झालं. पोट पाण्यानं फुगलं आणि ताप आला. कावीळ आणि थंडी वाजून ताप एकत्र आले. उलट्यांमुळे पाणीही टिकत नाही. यातलं एकही असेल तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या, रात्र असली तरी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते.

गरोदर बाईला कावीळ झाली तर ती घरी ठेवायचीच नाही. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. त्याच काळात तळहात-तळपायांना सतत खाज येत असेल तर ती साधी खाज समजू नका, एलएफटी करून घ्या.

उंदीर मारायची पेस्ट पोटात गेली असेल, लहान मुलानं चुकून चाटली असेल, तर उलटी होऊन बरं वाटलं म्हणून घरी आणू नका. अशा पेस्टमधलं पिवळ्या फॉस्फरसचं विष दोन-तीन दिवस गप्प बसतं आणि मग लिव्हर निकामी करतं.

पायरी ५ : काविळीच्या माळा, चुना आणि नाकातलं औषध

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो. गळ्यात माळ घालतात, ती रोज लांब होते. हाताला चुना लावून धुतला की पाणी पिवळं होतं. नाकात थेंब टाकले की पिवळं पाणी गळतं. कुणी दंडावर डाग देतं. हिपॅटायटिस ए आणि ई या काविळी बहुतेकांमध्ये तीन-चार ते सहा आठवड्यांत आपल्या आपणच उतरतात. त्यामुळे मधल्या काळात जे काही केलं असेल त्याला यश मिळालं असं वाटतं. उपचार करणाऱ्यावर माझा राग नाही. अनेक जण पैसेही घेत नाहीत, श्रद्धेनं करतात. पण पित्ताच्या नळीत खडा अडकलेल्याला, हिपॅटायटिस बी असलेल्याला, सिकलसेलच्या पोराला किंवा दारूनं लिव्हर गेलेल्याला त्या माळेचा काहीही उपयोग होत नाही, आणि डोळ्यांकडे बघून यातली कुठली कावीळ आहे हे कुणालाच सांगता येत नाही. माळ घालायचीच असेल तर घाला, पण त्याआधी रक्त तपासा. नाकात थेंब, डाग आणि माहीत नसलेली मुळी मात्र नकोच. नाकातल्या थेंबांनी आतली त्वचा भाजते, डागाची जखम पिकते.

पथ्याचंही तसंच. हळद पिवळी म्हणून बंद, तेल-तूप पूर्ण बंद, दिवसभर फक्त उसाचा रस आणि चुरमुरे. या सगळ्याला आधार नाही. लिव्हर सावरायला अन्न लागतं. मळमळ असेल तेव्हा तेलकट जात नाही, म्हणून थोडं थोडं खावं : ताक-भाकरी, वरण-भात, मऊ खिचडी, केळी. वासना परत आली की घरचं नेहमीचं जेवण चालतं. रस्त्यावरच्या उसाच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कुणाला माहीत? त्याच पाण्यातून कावीळ आलेली असू शकते. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या गावांत साठवलेलं पाणी हा मोठा धोका आहे. उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्यावं, झाकून ठेवावं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढावं.

पायरी ६ : कारण शोधायच्या तपासण्या

आकडे सतत वाढलेले असतील तर डॉक्टर साधारण या तपासण्या सांगतात : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, आणि एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी) व अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी साठी). शेवटच्या दोन टाळू नका. हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता लिव्हर पोखरतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. सी बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, शंभरातल्या नव्वदहून अधिक लोकांचा. बी सहसा मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी दाबून ठेवता येतो.

बी आणि सी रक्तातून पसरतात. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो. एका ताटात जेवल्यानं, शेजारी झोपल्यानं पसरत नाहीत. बी निघालेल्या सुनेची भांडी वेगळी करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ते फार वाईट आहे. खरी काळजी ब्लेड, वस्तरा, टूथब्रश वेगळे ठेवण्यात आणि सुईत आहे. सारंगखेड्याची यात्रा असो की गावचा आठवडी बाजार, गोंदवून घ्यायचं असेल तर सुई आणि शाई आपल्यासमोर नवी उघडायला लावा.

पायरी ७ : फॅटी लिव्हर निघालं तर आधी हा हिशोब करा

सोनोग्राफीत "ग्रेड १ फॅटी लिव्हर" किंवा "ग्रेड २" लिहून येतं. ग्रेड म्हणजे चरबी किती दिसते एवढंच. लिव्हर किती कडक झालंय ते ग्रेड सांगत नाही, आणि पुढचं सगळं त्या कडकपणावर अवलंबून असतं. त्याचा पहिला अंदाज मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. त्याला फिब-४ म्हणतात.

वय गुणिले एसजीओटी करा. ही वरची संख्या. मग प्लेटलेट हजारांत घ्या (१.८ लाख म्हणजे १८०), त्याला एसजीपीटीच्या वर्गमूळानं गुणा. ही खालची संख्या. वरच्या संख्येला खालच्या संख्येनं भागा. समजा, वय ४९, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.८ लाख. ४९ गुणिले ४८ म्हणजे २३५२. ६४ चं वर्गमूळ ८, १८० गुणिले ८ म्हणजे १४४०. भागाकार १.६३.

१.३ च्या खाली आला तर कडकपणाची शक्यता कमी. २.६७ च्या वर आला तर पोटविकार किंवा लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मधे आला, जसा या उदाहरणात, तर फायब्रोस्कॅन करतात. ही सोनोग्राफीसारखीच न दुखणारी तपासणी आहे, ती लिव्हरचा कडकपणा मोजते. वय ६५ च्या पुढे असेल तर १.३ ऐवजी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा हिशोब भरवशाचा नाही. ताप किंवा ताजी कावीळ चालू असताना तर करूच नका.

बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होतं. आपल्या लोकांत वजन बेताचं पण पोटावर चरबी, असं फार दिसतं. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या : कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत हवी.

पायरी ८ : ताट आणि चालणं

फॅटी लिव्हरवर सगळ्यात खात्रीचा उपाय वजन उतरवणं हाच आहे. पाच टक्के उतरलं तर लिव्हरमधली चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूज उतरते, दहा टक्क्यांच्या पुढे कडकपणाही मागे हटू शकतो. ८० किलोच्या माणसाला आठ किलो. ते सहा महिने-वर्षभरात हळूहळू उतरवा. आठवड्याला अर्धा किलो पुरे. उपाशी राहून झपाट्यानं उतरवलं तर लिव्हर बिघडतं आणि पित्ताचे खडेही होतात.

आपलं जुनं ताट यासाठी चांगलंच आहे. दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, मेथी-पोकळ्याची भाजी, तुरीचं किंवा उडदाचं वरण, ताक, कांदा. भरताचं वांगं भाजलेलंच असतं, अडचण वरून ओतलेल्या तेलाची आणि सोबतच्या पुऱ्यांची. भरीत कमी तेलात परतून भाकरीशी खा. शेवभाजी महिन्यातून एखाद्या वेळी ठीक, रोजच्या डब्यात नको. केळी एखादं बिनधास्त खा. केळीचे वेफर्स मात्र तळणातच मोजा.

तेलापेक्षाही साखरेकडे लक्ष द्या, असं माझं मत आहे. दिवसाला सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साठ ग्रॅम साखर चहातूनच गेली. गूळ घातला म्हणून सुटका नाही, लिव्हरला तो साखरच. शीतपेयं आणि पॅकेटमधले ज्यूस पूर्ण बंद करा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खा, सण आहे. रसात साखर घालू नका, आणि आंबे आहेत तोवर रोज वाटीभर रस असं करू नका. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा कडकपणा कमी आढळतो. आवडत असेल तर दोन-तीन कप चालतील.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, घाम येईल अशा वेगानं. वैशाखात पहाटे किंवा अंधार पडल्यावर. शेतात काम करतो, वेगळं कशाला चालू, असं म्हणणाऱ्यांनी मोटारसायकलवर बसून मजुरांवर देखरेख करणं यात धरू नये.

लिव्हर कडक झालं असेल, म्हणजे सिरोसिस असेल, तर पथ्य वेगळं. तिथं उपास करायचे नाहीत. प्रथिनं भरपूर लागतात, रात्री झोपताना काहीतरी खावं लागतं, आणि पोटात पाणी असेल तर मीठ कमी. म्हणजे पापड, लोणचं, बिबडे बंद.

पायरी ९ : दारू

मोहाची असो, देशी असो की महागडी, लिव्हरपर्यंत पोचतं ते अल्कोहोलच. "मोहाची घरची, त्यात भेसळ नाही" हे समाधान खोटं आहे. घरी गाळलेल्या दारूचा जोर किती, तेच ठरलेलं नसतं. आकडे वाढलेले असताना सुरक्षित असं माप नाही, पूर्ण बंद. चांगली बातमी ही, की दारूमुळे साठलेली चरबी बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरायला लागते आणि जीजीटी महिन्या-दोन महिन्यांत खाली येताना दिसतं.

पण रोज भरपूर पिणाऱ्यानं घरी एकाएकी सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, झटके येऊ शकतात आणि ते जीवघेणं ठरतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व घेऊन सोडावी.

पायरी १० : गोळ्या, काढे, टॉनिक

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन जा. चूर्णांच्या पुड्या, जिमची पावडर, मेडिकलवरून आणलेली सांधेदुखीची गोळी, सगळं. पॅरासिटामॉल योग्य मापात सुरक्षित आहे, पण दिवसाला चार ग्रॅमच्या वर कधीच नाही. लिव्हर कमजोर असेल किंवा दारू असेल तर दोन ग्रॅमपर्यंतच. ६५० च्या तीन गोळ्यांत तेवढं होतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतं, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका.

टीबीच्या गोळ्या चालू असताना मळमळ, उलट्या, पिवळी लघवी सुरू झाली तर त्याच दिवशी टीबी केंद्रात किंवा आशाताईला कळवा आणि एलएफटी करा. डॉक्टर काही गोळ्या थांबवून एकेक परत सुरू करतात. मनानं सगळं कायमचं सोडून दिलं तर टीबी औषधाला न जुमानणारा होतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र फॅटी लिव्हरमध्ये सहसा सुरक्षित असतात, घाबरून बंद करू नका.

वनस्पतीचं आहे म्हणजे निर्धोक, असं नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेतलेल्या काहींना लिव्हरची सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. भाजीतली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासह येणाऱ्या हळदीच्या तीव्र कॅप्सूल वेगळ्या. त्यांनीही लिव्हर दुखावल्याच्या नोंदी आहेत. आणि "लिव्हर टॉनिक"? ते पिऊन आकडा उतरला तरी कारण तसंच राहतं. ते पैसे अँटी-एचसीव्ही तपासायला आणि प्लेटलेट मोजायला वापरा.

पायरी ११ : पुन्हा कधी तपासायचं

किंचित वाढलेले आकडे, त्रास काही नाही : कारण सापडलं असेल ते थांबवून एक ते तीन महिन्यांनी पुन्हा. मर्यादेच्या पाचपटीच्या वर किंवा कावीळ असेल तर काही दिवसांतच, आयएनआरसह. सहा महिन्यांनंतरही वाढलेलेच राहिले तर आजार जुना धरून पोटविकार किंवा लिव्हरच्या डॉक्टरांकडे. फिब-४ कमी आलेल्या फॅटी लिव्हरवाल्यांनी दोन-तीन वर्षांनी तो हिशोब पुन्हा करावा, शुगर असेल तर वर्ष-दोन वर्षांनी. सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण लिव्हरचा कॅन्सर लहान असताना सापडला तर काढता येतो.

हिपॅटायटिस बी निघाला असेल तर घरातल्या प्रत्येकाचं एचबीएसएजी करा आणि निगेटिव्ह आलेल्यांना लस द्या : पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. घरात बाळंतपण असेल तर बाईचं एचबीएसएजी आधीच तपासून ठेवा. पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मानंतर बारा तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळावं, यासाठी दवाखान्याला आठव्या महिन्यातच सांगून ठेवावं लागतं.